चूळ

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एक मोठं मशीन, एक लॅमिनेशनचं, फळीवर थोड्या वह्या नि पेनं, आणि मी. मशीनमधून वाकडे-तिकडे आलेले कागद मी टाकत नाही. त्यांची मागची बाजू कोरी असते आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं. कुणाच्या सातबाऱ्याच्या मागे मी चिंचेच्या झाडावर लिहिलंय, कुणाच्या उत्पन्नाच्या दाखल्यामागे सासूबाईंवर. नवरा डेपोत मेकॅनिक आहे. तो म्हणायचा, "एक दिवस गिऱ्हाईकाला कविता देशील आणि दाखला ठेवून घेशील." तसं एकदा झालंही. एक काका संध्याकाळी परत आले, कागद टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तलाठी म्हणतो ही नोंद धरता यायची नाय." मी माफी मागितली. ते म्हणाले, "पन वाचली त्यानं. दोनदा वाचली."

हे सगळं सांगायचं कारण, 'चूळ' ही कविताही अशीच एका आधार कार्डाच्या बिघडलेल्या प्रतीमागे लिहिली गेली. त्या दुपारी एक बाई तिच्या लहान मुलीला घेऊन आली होती. किती प्रती हव्यात, मी विचारलं. मुलगीच पुढे होऊन म्हणाली, "दोन नाय, तीन पायजेल." आईने तिच्या दंडाला चिमटा काढला. "नीट बोल. काकी काय म्हणतील?"

काकी काहीच म्हणाली नाही. काकीने तीन प्रती काढल्या, पैसे घेतले, आणि त्या दोघी रस्ता ओलांडून जाईपर्यंत बघत राहिली. मग स्टूल ओढून लिहायला बसली.

माझं माहेर खर्डी आणि उंबरमाळीच्या मधलं. स्टेशनपासून आत, रानाच्या कडेला आमचा पाडा. पाड्यावर चौथीपर्यंत शाळा होती. पुढे शिकायचं तर खर्डीला चालत जायचं. आमच्या पाड्यावरून पाचवीला आम्ही दोघीच पोरी गेलो, मी आणि माझी मैत्रीण. वाटेत एक ओढा, एक फाटक, आणि एक कुत्रं होतं. कुत्र्याला आम्ही दोघी घाबरायचो, पण मैत्रीण कबूल करायची नाही.

पाचवीच्या बाई नव्याच लागल्या होत्या. शहापूरहून यायच्या. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, फळ्यावरचं अक्षर तर असं की पुसायला जीव व्हायचा नाही. त्या बोलायच्या तेही फळ्यावर लिहिल्यासारखं. "मुलींनो, आपण आता शांत बसणार आहोत." आमच्याकडे असं कुणी बोलत नसे. आमच्याकडे "गप ऱ्हा" म्हणायचे. मी बाईंच्या प्रेमातच पडले होते. घरी येताना वाटेत मी त्यांच्यासारखी चालून दाखवायचे आणि मैत्रीण हसून हसून ओढ्यात बसायची.

एकदा मोठे साहेब शाळा बघायला येणार असं ठरलं. त्यांच्यापुढे एका विद्यार्थ्याने स्वागताचं भाषण करायचं होतं. बाईंनी माझी निवड केली. माझा आवाज मोठा होता. भाताला दाणा भरला की पाखरं हाकलायला आई मला शेतात बसवायची, तिथे कमावलेला आवाज तो. भाषण बाईंनीच लिहून दिलं. 'आदरणीय' आणि 'सौभाग्य' असे शब्द त्यात होते. मी ते शेळ्यांना म्हणून दाखवलं, चुलीला म्हणून दाखवलं, आजारी काकाला म्हणून दाखवलं. काका म्हणाला, "काय कललं नाय, पन ग्वाड लागतंय."

साहेब जीपमधून आले. सोबत आणखी दोघं-तिघं. मी भाषण केलं आणि एकही शब्द चुकले नाही. बाईंचा चेहरा फुलला होता. मी टाळ्या ऐकत खाली बसायला निघाले तेवढ्यात साहेबांनी थांबवलं. माणूस मायाळू होता. त्यांना पोरीशी दोन शब्द बोलावंसं वाटलं, एवढंच.

"छान बोललीस. कुठल्या गावची तू?"

हे भाषणात नव्हतं.

"आमी पाड्यावरची," मी म्हणाले. "उंबरमाळीच्या अंगाला."

"अरे वा. रोज येतेस ना शाळेत?"

"नाय. भाताच्या लावनीत नाय येत. तवा घरी पोरास सांभालायला कोन नसतं."

सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांचं हसणं कौतुकाचं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "धीट आहे मुलगी" असं म्हणाले. त्यांच्यासोबतचे एक गृहस्थ मात्र बाहेर पडताना हेडमास्तरांना म्हणाले, "भाषण पाठ करून घेतलंय. भाषेकडे जरा लक्ष द्यायला सांगा." बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि मीही ऐकलं.

जीप गेल्यावर बाईंनी मला वर्गापुढे बोलावलं.

"म्हण, नाही."

"नाय."

"ना-ही."

"नाय."

मी मुद्दाम करत नव्हते. तोंडात दुसरं काही येतच नव्हतं. भाषणात मी 'नाही' म्हटलं होतं, तेही दोनदा, पण ते भाषणातलं होतं. हे माझं मला म्हणायचं होतं. वर्गात खसखस सुरू झाली. बाईंचा आवाज चढला नाही, त्यांचा आवाज कधीच चढत नसे. त्या म्हणाल्या, "तुझ्या जिभेला माती लागली आहे. जा, चूळ भरून ये."

शाळेच्या आवारात हापशी होती. तिचा दांडा एकीने मारल्याशिवाय दुसरीला पाणी मिळत नसे, म्हणून माझ्यासोबत मैत्रिणीला पाठवलं. तिने दांडा मारला, मी चूळ भरली, आत गेले.

"म्हण."

"नाय."

"परत जा."

आम्ही परत गेलो. तिसऱ्या खेपेला वर्ग बाकं बडवायला लागला होता. हापशीवर मैत्रीण म्हणाली, "थांब, मी पन भरते." मी विचारलं, "तुला कुटं सांगितलंय?" ती म्हणाली, "उद्या माजा नंबर आला तं?" तिने आधीच भरून घेतली.

शेवटी शाळा सुटायची घंटा झाली म्हणून ते थांबलं. शब्द काही आला नाही.

घरी जाऊन मी चुलीतली राख घेतली आणि जीभ घासली. आईने बघितलं. "काय करतंस गो?" "काय नाय," मी म्हटलं. तिला वाटलं, बोरं खाऊन जीभ रंगली असेल. तिने मला तांब्या भरून पाणी दिलं आणि ती कामाला लागली.

त्यानंतर मी वर्गात 'हजर' सोडून काही बोलले नाही. हजर हा शब्द सोपा असतो, त्यात घसरायला जागा नाही. वर्षभर गप्प बसल्यामुळे मला लिहायला भरपूर वेळ मिळाला. माझं अक्षर बाईंसारखं झालं. पुढे कॉलेजात मी कान देऊन देऊन भाषाही तशी करून घेतली. आता मुरबाडला नवी गिऱ्हाइकं विचारतात, "ताई, तुम्ही पुण्याच्या का?" माझी आई फोनवर माझा आवाज ऐकला की जरा सावरून बोलते, जणू बँकेतून फोन आलाय. नवऱ्याला हे सगळं गमतीचं वाटतं. मलाही बहुतेक वेळा वाटतं.

तर कविता अशी होती:

बाई म्हणाल्या, चूळ भरून ये.
मैत्रिणीने हापशी मारली,
मी ओंजळ धरली.
पाणी गोड होतं.
एक चूळ थुंकले आईच्या नावची,
एक बापाच्या,
एक शेताच्या बांधाची,
एक शेळीला हाक मारते त्या आवाजाची.
तोंड स्वच्छ झालं.
मग वर्गात गेले
आणि शुद्ध गप्प बसले.

मैत्रीण कवितेत होती, म्हणून मी ती तिला मोबाईलवर पाठवली. मैत्रीण आता खर्डीला राहते, स्टेशनबाहेर तिचं किराणा दुकान आहे. तासाभराने तिचा फोन आला.

"वाचली. मला रडूच आलं गो. गिऱ्हाईक म्हनालं, मावशी साखर ओली होईल."

"बरं वाटलं."

"ग्रुपवर पन टाकली."

"कुठल्या ग्रुपवर?"

"आपल्या शाळेच्या."

त्या ग्रुपमधून मी कधीच बाहेर पडले होते. रोज सकाळी उगवणारी गुलाबाची फुलं मला सहन होत नव्हती. जुन्या वर्गातल्या पोरांनी वाचली तर वाचली, मी म्हटलं, काय बिघडतं.

"बाईंनी निळी टिक दिलीये," मैत्रीण म्हणाली.

"कुठल्या बाई?"

"कुठल्या म्हंजे? आपल्या. त्या हायत ना ग्रुपवर. तुला ठाऊक नाय?"

दुकानात एक माणूस पॅन कार्ड धरून उभा होता. मी त्याचं लॅमिनेशन उलटं केलं.

दोन-तीन दिवस काही झालं नाही. मी स्वतःला सांगत होते की त्यांना कळलंच नसेल. कवितेत नाव कुठे आहे? आणि एवढ्या वर्षांत हापशी असलेल्या शाळा कमी होत्या का? मग एका सकाळी अनोळखी नंबर आला.

"मी बाई बोलते आहे."

मी स्टुलावरून उठून उभी राहिले. जिची मुलगी नोकरीला लागलीय अशी बाई मी, आणि फोन कानाला लावून विद्यार्थ्यासारखी उभी.

"रविवारी शहापूरला येशील का? कविता कागदावर घेऊन ये. मोबाईलवर अक्षर बारीक दिसतं."

"हो बाई," मी म्हणाले.

नवरा म्हणाला, "जाऊ नको. आता तुला कोण पट्टी मारणारे?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. तरी रविवारी मी किन्हवलीमार्गे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते. तुम्ही जे केलंत ते, इथून सुरू होणारी वाक्यं. किन्हवलीत एक आजी भाजीची टोपली घेऊन चढली आणि टोपली तिने माझ्या मांडीवर ठेवली, त्यामुळे पुढची वाक्यं राहून गेली.

बाईंचं घर बाजारपेठेच्या मागे, पहिल्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. बारीक झाल्या होत्या. केस पांढरे आणि आखूड. साडी मात्र तशीच, इस्त्रीची. गुडघ्याला पट्टा होता. मला बसवून त्यांनी आधी चहा केला. मग चष्मा लावला आणि हात पुढे केला. मी कागद दिला. आधार कार्डाची बाजू वर आली होती. ती उलटी करून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

त्या सावकाश वाचत होत्या. वाचून झाल्यावर परत वर गेल्या.

"हे मी केलं?"

"हो बाई."

"मला आठवत नाही."

मी सगळ्याची तयारी करून आले होते. त्या रागावतील, रडतील, माफी मागतील, उठून आत जातील. हे मात्र माझ्या यादीत नव्हतं. ज्या दिवसाने माझं तोंड बंद केलं तो दिवस त्यांच्याकडे नव्हताच. मला एकदम रिकामं वाटलं, आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं मी एकटीनेच तो सांभाळत बसले होते की काय.

"साहेब आले होते," मी म्हणाले. "मी भाषण केलं होतं."

"साहेब पुष्कळ यायचे." त्या कागदाकडे बघत राहिल्या. "आणि ही ओळ चुकली आहे."

"कुठली?"

"पाणी गोड होतं. त्या हापशीचं पाणी गोड नव्हतं. लोखंडासारखं लागायचं. मी सगळी वर्षं घरून बाटली न्यायचे." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "चांगलं दिसतं म्हणून लिहिलंस. खरं लिही."

मी हसले. हसायचं नव्हतं, पण आलं. त्यांचं खरं होतं. ती चव माझ्या तोंडात लगेच उभी राहिली, गंजाची, थंड. आणि त्याच पाण्याबद्दल मी गोड लिहून मोकळी झाले होते.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी उचलला.

"हां गो. नाय, जेवले नाय अजून. पावनी आलीय. कंची काय, शालंतली. तू औशद घेतलंस का? नाय? मंग काय उपेग? आमी सांगून सांगून थकलो."

त्या बोलत होत्या आणि मी कपबशी हातात धरून ऐकत होते. माझ्या आईचा आवाज होता तो. तसाच उतार, तसाच 'गो' ओढलेला. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

"धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "गावी असते. डोळखांबकडे."

"तुम्ही शहापूरच्या ना बाई?"

"शहापूर नोकरीनंतर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आमचं घर भाताचंच. डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्या पाठात मी 'पानी' म्हटलं. मागे निरीक्षक बसले होते. ते म्हणाले, ही मुलगी वर्गावर उभी राहायच्या लायकीची नाही. मी रात्रंदिवस आरशापुढे बसून घासलं सगळं. तुमच्या शाळेत लागले ते पहिलंच वर्ष." त्यांनी चष्मा परत लावला. "मी म्हटलं असेन तुला तसं. मला आठवत नाही, पण मी म्हटलं असणार. मला वाटायचं, हिला तरी कुणी तसं बोलू नये."

"पण तुम्हीच बोललात," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं गेलं.

"हो," बाई म्हणाल्या. "मीच बोलले."

मग बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मुलं, गुडघे, शहापूरच्या भाजीचे भाव. निघताना त्यांनी मला विचारलं, कविता कुठे वाचणार आहेस का. मुरबाडला वाचनालयात आमच्या बायकांच्या मंडळाचा कार्यक्रम होता, मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "कळव." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मैत्रीण बाईंना घेऊन आली. खर्डीहून शहापूर, शहापूरहून मुरबाड, बसने. दोघी मागच्या रांगेत बसल्या. मैत्रिणीने नवी साडी नेसली होती, कारण कवितेत ती होती.

माझी पाळी आली तेव्हा मी कविता वाचली. 'पाणी लोखंडाचं होतं' असं वाचलं. वाचताना मी मागच्या रांगेकडे बघितलं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एक-दोघींनी पदर डोळ्यांना लावला. पुढच्या रांगेतली एक तरुण मुलगी जरा मोठ्यानेच म्हणाली, "अशा बाईंना शाळेत ठेवतात तरी कसं?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई गुडघा सावरत उभ्या राहिल्या.

"त्या कवितेतली बाई मी आहे," त्या म्हणाल्या. वर्गात बोलायच्या तसंच, प्रत्येक अक्षर वेगळं. "हिचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. हे त्याच वर्गात सांगायला हवं होतं, पण तो वर्ग आता परत कुठे भरायचा? म्हणून इथे सांगते."

आणि त्या बसल्या. अध्यक्षबाईंना काय करावं समजेना. त्यांनी माइकवर फुंकर मारली आणि "यानंतर" म्हणाल्या, पण यानंतर कोण हे त्यांना कागदात सापडेना. ती तरुण मुलगी मान खाली घालून बसली होती. मी अजून पुढेच उभी होते, हातात कागद. मला त्या मुलीचा राग आला, पहिल्यांदाच बाईंच्या बाजूने. मग मैत्रिणीने टाळी वाजवली. एकटीने, दुकानात पोत्यावर हात झटकते तशी. हळूहळू बाकीच्यांनीही वाजवली.

चहाच्या वेळी बायकांनी बाईंभोवती गर्दी केली. त्यांच्यातल्या दोघी शिक्षिका होत्या. त्या नुसत्या जवळ उभ्या राहून चहा पीत होत्या. ती तरुण मुलगी शेवटी आली. तिने वाकून नमस्कार केला. बाईंनी तिला विचारलं, "तू काय लिहितेस?" ती म्हणाली, "गझल." बाई म्हणाल्या, "बघू," आणि तिथेच उभ्या उभ्या तिच्या दोन ओळींतली मात्रा दुरुस्त केली.

संध्याकाळी मी दोघींना स्टँडवर पोचवायला गेले. शहापूरची गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर बसून भजी खाल्ली. मैत्रीण बाईंना सांगत होती की त्या दिवशी चूळ तिनेही भरली होती, तिचं नाव मात्र कवितेत नुसतं 'मैत्रीण' असं आलंय, हा अन्याय आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघते काय करता येईल ते.

गाडी लागली. बाईंना खिडकी हवी होती. मैत्रिणीने पिशवी टाकून जागा धरली आणि त्यांना आत सरकवलं. कंडक्टरने तिकिटं फाडेपर्यंत बाईंचा डोळा लागलाही होता. डोकं हळूहळू मैत्रिणीच्या खांद्यावर आलं. मैत्रिणीने खिडकीतून मला खूण केली, बघ. मग ती अजिबात हलली नाही. गाडी सुटली तेव्हाही तशीच ताठ बसून होती.